बॅकअप घेतला होता, पण त्याच सर्व्हरवर

इयरफोन लावलेत ना? मागच्या काही दिवसांत बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, "दादा, स्वतःचा सर्व्हर घेऊ का? त्यावर कंट्रोल पॅनेल टाकलं की झालं ना सगळं?" तर आज त्याचंच उत्तर. आणि उत्तर देताना माझी स्वतःची एक मोठी चूक सांगणार आहे.

आधी दोन मिनिटं बेसिक बोलू. शेअर्ड होस्टिंग म्हणजे कॉट बेसिसवर राहणं. खोली एक, माणसं बरीच, नियम मालकाचे. व्हीपीएस म्हणजे स्वतंत्र भाड्याचा फ्लॅट. मोकळीक भरपूर, पण नळ गळला तर प्लंबर तुम्हीच शोधायचा. आणि कंट्रोल पॅनेल म्हणजे त्या फ्लॅटचा स्विचबोर्ड. काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करण्याऐवजी ब्राउझरमध्ये बटणं दाबायची: डोमेन जोडा, डेटाबेस बनवा, एसएसएल चालू करा. सीपॅनेल आणि प्लेस्क ही पैसे मोजून घ्यायची पॅनेल. हेस्टिया, सायबरपॅनेल यांच्या फुकट आवृत्त्या मिळतात. मी हेस्टिया वापरतो.

आता गोष्ट. माझ्या मामाची देवगडला हापूसची बाग आहे. ऑर्डर आधी फोनवर यायच्या, मामा वहीत लिहायचा. मी इंजिनीअर भाचा, म्हटलं थांब, तुला वेबसाइट करून देतो. 25 जीबी डिस्कचा छोटा व्हीपीएस घेतला, हेस्टिया टाकलं, वर्डप्रेस आणि वूकॉमर्स चढवलं. दीड तासात साइट चालू. पॅनेलमध्ये रोजचा बॅकअप आपोआप होत होता. म्हटलं, बास, आता बघायलाच नको.

अक्षय्य तृतीयेच्या चार दिवस आधी रात्री मामाचा फोन. "अरे, साइट उघडत नाहीये. गिऱ्हाईकं फोन करतायत." मी पुण्यात, मित्राच्या लग्नाच्या हॉलमध्ये. लॅपटॉप घरी. मोबाइलवरूनच पॅनेल उघडलं. डिस्क 100 टक्के भरलेली. डिस्क भरली की डेटाबेसला लिहायला जागा उरत नाही आणि साइट कोलमडते. भरली कशाने? माझ्याच बॅकअपने! पॅनेल रोज बॅकअप घेऊन त्याच सर्व्हरवर ठेवत होतं, आणि आंब्याचे मोठमोठे फोटो प्रत्येक कॉपीत पुन्हा पुन्हा जात होते.

मग मी काय केलं? सगळे बॅकअप उडवले. साइट चालू झाली. इथेच थांबायला हवं होतं. पण वाटलं, अजून थोडी जागा करू. आधी ट्रायलसाठी बनवलेला एक युजर होता, तो काढून टाकू. यादीत दोन युजर एकाखाली एक. छोटी स्क्रीन, आजूबाजूला बँड वाजतोय. पॅनेलने विचारलं, नक्की डिलीट करायचं? मी हो म्हटलं.

खरा युजर गेला. हेस्टियात युजर डिलीट केला की त्याच्या साइट, डेटाबेस, मेलबॉक्स सगळं जातं. आणि बॅकअप तर मी दहा मिनिटांपूर्वीच माझ्या हाताने पुसले होते.

वाचलं काय? प्रत्येक ऑर्डरचा एक ईमेल मामाच्या जीमेलवर जायचा. तेवढाच. कारण ती एकच गोष्ट त्या सर्व्हरच्या बाहेर होती. मी आणि माझ्या बहिणीने रात्रभर बसून एकेका मेलमधून 61 ऑर्डर पुन्हा एका शीटमध्ये उतरवल्या. पण कोणाची पेटी रवाना झाली आणि कोणाची राहिली, ही नोंद फक्त साइटवर होती. दोन जणांना दोनदा पेट्या गेल्या. एका आजींना सणाला पेटीच मिळाली नाही. मामा मला एक शब्द बोलला नाही. त्या आजींना मात्र त्याने स्वतः फोन करून माफी मागितली. ते जास्त लागलं.

तर मुद्दा हा आहे. ज्या डिस्कवर साइट, त्याच डिस्कवर बॅकअप, याला बॅकअप म्हणायचंच नाही. घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेण्यासारखं आहे ते.

आणि हे फक्त माझ्यासारख्यांचं होतं असं नाही. 10 मार्च 2021 ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटासेंटरला आग लागली. एक अख्खी इमारत जळाली. लाखो वेबसाइट बंद पडल्या. रस्ट हा गेम खेळता ना तुमच्यातले काही जण? त्याचे युरोपातले 25 सर्व्हर त्या आगीत गेले आणि तो डेटा परत मिळालाच नाही. बऱ्याच ग्राहकांकडे बॅकअप होता, पण तोही त्याच आवारात.

दुसरा धोका म्हणजे पॅनेल स्वतःच. पॅनेलकडे सर्व्हरच्या सगळ्या किल्ल्या असतात. ऑक्टोबर 2024 मध्ये सायबरपॅनेलमध्ये अशी त्रुटी उघड झाली की लॉगिन न करताही बाहेरचा माणूस सर्व्हरचा पूर्ण ताबा घेऊ शकत होता. त्या वेळी सुमारे 22,000 पॅनेल इंटरनेटवर उघडी दिसत होती. पाठोपाठ रॅन्समवेअर आलं, लोकांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. म्हणून सायबरपॅनेल वाईट, असं मी म्हणत नाहीये. कुठल्याही पॅनेलचं असं होऊ शकतं. प्रश्न एवढाच की त्या दिवशी तुमचं पॅनेल सगळ्या जगासाठी उघडं असेल का.

मग आता मी काय करतो, ते सांगतो. लिहून घ्या.

एक. सर्व्हर कोरा घ्यायचा. नवीन डेबियन किंवा उबुंटू, त्यावर आधी काहीही टाकलेलं नको. रॅम शक्यतो 2 जीबी. कमी असेल तर इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस वगळा, तो फार मेमरी खातो.

दोन. प्रत्येक साइटला वेगळा युजर, आणि नाव स्पष्ट. "टेस्ट1", "टेस्ट2" नको. डिलीटचं बटण मोबाइलवरून दाबायचं नाही. हा आता माझ्या घरचा कायदा आहे.

तीन. पॅनेलला टू-फॅक्टर लावा. हेस्टिया 8083 पोर्टवर चालतं. फायरवॉलमध्ये तो पोर्ट फक्त स्वतःच्या आयपीला उघडा ठेवा. मोबाइल डेटावर आयपी बदलत राहतो, त्यामुळे मी आधी व्हीपीएनने सर्व्हरला जोडतो, मग पॅनेल उघडतो. अपडेट आलं की "नंतर बघू" नाही.

चार. मेल त्याच सर्व्हरवर ठेवू नका. बऱ्याच क्लाउड कंपन्या मेल पाठवायचा 25 नंबरचा पोर्ट बंदच ठेवतात, आणि पाठवलेलं मेल स्पॅममध्ये जातं ते वेगळंच. मेलसाठी वेगळी सेवा घ्या. माझी अब्रू थोडीफार वाचली ती मेल बाहेर असल्यामुळेच.

पाच. लेट्स एनक्रिप्टचं सर्टिफिकेट 90 दिवसांचं असतं. पॅनेल ते आपोआप नवं करतं, पण डीएनएस चुकला तर करू शकत नाही. आणि मुदत संपत आल्याचे ईमेल लेट्स एनक्रिप्टने 2025 मध्ये बंद केलेत. तेव्हा साइट बंद पडली किंवा सर्टिफिकेट संपत आलं तर मेसेज येईल असा मॉनिटर लावा. डिस्क 80 टक्के झाली की सूचना येईल, तेही बघा.

सहा, सगळ्यात महत्त्वाचं. 3-2-1. डेटाच्या तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, आणि एक पूर्ण वेगळ्या ठिकाणी. माझी एक कॉपी रात्री दुसऱ्या कंपनीच्या स्टोरेजवर जाते, एक रविवारी घरच्या हार्डडिस्कवर.

आणि हे सगळं केलं तरी काम अर्धंच झालं. महिन्यातून एकदा तो बॅकअप रिकाम्या सर्व्हरवर उतरवून साइट उघडून बघायची. पहिल्यांदा केलं तेव्हा माझी साइट उघडलीच नाही, डेटाबेसचा पासवर्ड जुळत नव्हता. शांतपणे चहा पीत दुरुस्त केलं. हेच सणाच्या आदल्या रात्री कळलं असतं तर?

तर, सर्व्हर घ्यावा का? घ्या की! शिकायला यासारखं दुसरं काही नाही. पण दुसऱ्याचा धंदा त्यावर ठेवणार असाल, तर आधी रिस्टोर करून बघा, मगच साइट त्यांच्या हातात द्या. मामा आजही दर रविवारी मेसेज टाकतो, "कॉपी झाली का?" आणि हो, वही त्याने पुन्हा सुरू केली आहे. मी काही बोललो नाही. तीही एक कॉपीच आहे, आणि ती सर्व्हरच्या बाहेर आहे.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या एका साइटचा बॅकअप डाउनलोड करा आणि उतरवून बघा. जमलं नाही तर कुठे अडलात ते कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!