आजीचा पाय
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला संगणकावर बोलायला सांगितले होते. पण भंडाऱ्याला येताना गाडीत आजी आठवली आणि विषय बदलला. तुमच्यापैकी अनेकांनी तिला पाहिले आहे. डावा पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला. लग्नकार्यात ती पायावर लुगडे ओढून कोपऱ्यात बसायची. हत्तीपाय. आपल्या जिल्ह्यात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

आठवते का, रात्री फायलेरियावाले बोटाला टोचून रक्त घ्यायला यायचे आणि आपण लपून बसायचो? ते रात्रीच का येत, हे मला फार उशिरा कळले. या रोगाच्या कृमीची सूक्ष्म पिल्ले दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून राहतात. रात्री ती कातडीजवळच्या रक्तात येतात, कारण त्यांना दुसऱ्या माणसाकडे नेणारा क्युलेक्स डास रात्री चावतो. हा डास घाण पाण्यात, तुंबलेल्या नाल्यांत वाढतो.

मोठे कृमी मात्र लसीकावाहिन्यांत राहतात. या वाहिन्या काय करतात? आपण धान पिकवणारी माणसे. बांधीत पाणी हवे, पण जास्तीचे पाणी काढून दिले नाही तर पीक सडते. शरीरातही तसेच आहे. रक्तवाहिन्यांतून रोज काही लिटर द्रव बाहेर पाझरतो. तो गोळा करून परत रक्तात नेणारे पाट म्हणजे लसीकावाहिन्या. त्यांना हृदयासारखा पंप नाही. त्यांचे स्वतःचे आकुंचन, आतल्या झडपा आणि आपल्या स्नायूंची हालचाल यांवर हे पाणी वर चढते. वाटेत जांघेत, काखेत, मानेत लसीकाग्रंथी असतात. ती शरीराची नाकी. तिथल्या पांढऱ्या पेशी आलेला द्रव तपासतात आणि जंतू सापडला की लढाई सुरू करतात. पायाला जखम पिकली की जांघेत गाठ येते ती म्हणूनच.

हा कृमी त्या नाक्यालाच गुंगी आणतो. तो अशी द्रव्ये सोडतो की आपली प्रतिकारशक्ती मंदावते. म्हणून तो वर्षानुवर्षे आत राहतो आणि माणसाला काहीच जाणवत नाही. इकडे वाहिन्या रुंदावतात, झडपा निकामी होतात, द्रव साचतो. मग कातडीच्या भेगांतून साधे जंतू शिरतात, थंडीताप येतो आणि अशा प्रत्येक तापानंतर सूज आणखी वाढते.

आमच्या घरी आजीला ताप आला की सगळे म्हणायचे, पायाला पाणी लावू नको. करायला हवे होते नेमके उलट. रोज साबणपाण्याने पाय धुणे, बोटांमधली जागा कोरडी करणे, भेगांना मलम लावणे, बसताना पाय उंच ठेवणे, घोटा हलवणे. पाय पूर्ववत झाला नसता, पण तापाच्या खेपा नक्की कमी झाल्या असत्या. महागडे औषध नको होते, साबणाची वडी पुरली असती. ही खंत माझ्या मनातून जात नाही.

दुसरी चूक माझी एकटीची. एका सुट्टीत आशाताई गोळ्या घेऊन दारात आल्या. मी म्हटले, "मला काही झाले नाही, ठेवून जा." गोळ्या फळीवरच राहिल्या. इतकी वर्षे प्रोग्राम लिहिते आहे. सूचना आली नाही म्हणजे बिघाड नाही, असे कामावर मी कधी मानत नाही. दारात मात्र मानले.

त्या गोळ्या रक्तातली पिल्ले मारतात. मग डासाला न्यायला काही उरत नाही. म्हणून ठणठणीत माणसानेही त्या घ्यायच्या. गोळीनंतर कुणाला थोडा ताप, चक्कर आली, तर बहुधा आतली पिल्ले मरत असतात आणि शरीर त्यांना उत्तर देत असते. श्रीलंकेत लोकांनी अशाच गोळ्या घेतल्या आणि २०१६ साली तिथे सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून हा रोग संपल्याचे जाहीर झाले. आपल्या देशाने २०२७ चे लक्ष्य ठेवले आहे.

तेव्हा एवढेच मागते. दोन वर्षांखालची मुले, गरोदर बाई, गंभीर आजारी माणूस सोडून घरातल्या प्रत्येकाने जेवण झाल्यावर, आशाताईंसमोरच गोळ्या गिळाव्यात. आणि शेजारी कुणी पाय झाकून बसली असेल, तर तिला पाय धुवायची रीत सांगा. आमच्या आजीला ती कुणी सांगितली नाही.