पदविकेचें मोल

बालाघाटाच्या डोंगरांत वसलेलें धारूर हें किल्ल्यामुळें ओळखलें जाणारें गांव. बीड जिल्ह्यांतील या तालुक्यांत दसरा उलटला कीं निराळीच लगबग सुरू होते. धान्य, भांडीं, अंथरुणें बांधून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. नवराबायकोच्या जोडीला तेथें ‘एक कोयता’ म्हणतात, आणि हंगामापूर्वीं मुकादमाकडून जी रक्कम हातीं येते तिला ‘उचल’. अशा घरांतील मुलगा दहावी उत्तीर्ण झाला म्हणजे एक प्रश्न उभा राहतो. तीन वर्षें तंत्रनिकेतनांत घालवून मिळणारी पदविका पैशाच्या हिशेबानें त्या घराला परवडते काय?

शहरांतील सुशिक्षित घरांत हा प्रश्न सहसा या स्वरूपांत पडत नाहीं. तेथें पदविका ही पदवीच्या खालची पायरी समजली जाते आणि तिची निवड गुणांवरून होते. धारूरच्या घरांत ती घरांतील शिल्लक पाहून करावी लागते. आणि शिल्लक बहुधा नसतेच.

हिशेबांतील पहिली चूक खर्चाच्या बाजूस होते. शुल्क तेवढाच खर्च असें मानलें जातें. परंतु शुल्कांत सवलत मिळाली तरी अंबाजोगाईस किंवा बीडला राहण्याजेवणाचा खर्च चुकत नाहीं. आणि त्याहून मोठा खर्च कोणत्याहि पावतीवर लिहिलेला नसतो. तो म्हणजे त्या तीन वर्षांत मुलाची बुडालेली मजुरी.

उदाहरणादाखल कांहीं आंकडे गृहीत धरावे. मजुरीनें मुलगा वर्षाला 1,00,000 रुपये मिळवितो आणि शिक्षणास वर्षाला 60,000 रुपये लागतात असें मानलें, तर पदविकेची खरी किंमत 1,80,000 नव्हे, 4,80,000 रुपये होते. चौथें वर्ष शिकाऊ उमेदवारीचें. 2019 च्या नियमांनीं पदविकाधारक उमेदवाराचें किमान विद्यावेतन दरमहा 8,000 रुपये ठरविलें होतें. त्या दरानें वर्षाचे 96,000 होतात, म्हणजे जवळजवळ मजुरीइतकेच. पुढें चाकणला किंवा वाळूजला एखाद्या कारखान्यांत 18,000 रुपये पगार मिळाला, तर वर्षाचे 2,16,000 झाले. त्यांतून खोली-खाणावळीचे 60,000 वजा जातां मजुरीहून 56,000 रुपये अधिक उरतात. या वेगानें घातलेला पैसा परत येण्यास साडेआठ वर्षें लागतील. तोच पगार 25,000 असला, तर साडेतीन वर्षें पुरतील.

पदविका तीच, अभ्यास तोच. तरी फेडीच्या काळांत पांच वर्षांचें अंतर पडलें. कंत्राटदाराच्या हजेरीपटावर वर्षानुवर्षें राहणारा आणि कायम होऊन वाढ मिळविणारा यांतील हें अंतर आहे. म्हणून प्रवेशापूर्वीं ‘पगार किती?’ एवढेंच विचारून भागत नाहीं. ‘तो वाढेल कशानें?’ हेंहि विचारावें लागतें. शिवाय मध्येंच शिक्षण सुटलें, तर खर्च पदरीं राहतो आणि पदविका मात्र मिळत नाहीं.

याच मापानें आय. टी. आय. कडे पाहावें. गांवाजवळ राहून इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला आणि बुडालेल्या मजुरीसह 2,40,000 रुपये लागले असें समजावें. पुढें तालुक्यांतच मोटारी व वायरिंगचीं कामें करून वर्षाला 1,80,000 मिळाले, तर घरचें छप्पर असल्यानें रक्कम तीन वर्षांत वसूल होते. ही वाट लवकर फळते. पण कनिष्ठ अभियंत्याच्या पदापर्यंत ती पोंचत नाहीं. त्यासाठीं पदविका हवी. आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेशाचा मार्गहि खुला असतो. तथापि दोन वर्षांच्या आय. टी. आय. नंतर पदविकेच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश मिळूं शकतो, ही गोष्ट पुष्कळ घरांना ठाऊक नसते. ज्या घराला थांबणें शक्य नाहीं, त्यानें एक पायरी चढावी, कांहीं मिळवावें, मग दुसरी चढावी, हें अधिक शहाणपणाचें.

अशीं घरें शिक्षणास कचरतात याचें कारण अज्ञान हें नव्हे. उचलींत पैसा आधीं आणि श्रम मागाहून. शिक्षणांत श्रम व पैसा आधीं आणि मोबदला मागाहून. रिकाम्या घराला पहिला व्यवहार जवळचा वाटावा यांत नवल नाहीं. परंतु हंगामाअखेर उचल फिटली नाहीं, तर बाकी पुढच्या हंगामावर चढते आणि पुढचें वर्षहि आधींच विकलें जातें.

ज्या साखर कारखान्याला मायबाप ऊस घालतात, तेथेंच बॉयलर, टर्बाईन आणि गव्हाण चालविणारे फिटर व इलेक्ट्रिशियन असतात. त्यांचीं नांवें कारखान्याच्या पटावर असतात. हंगामी कामगारांना बिनहंगामांतहि ‘रिटेन्शन’ भत्ता मिळतो. तोडणी मजुराचें नांव मुकादमाच्या वहींत असतें. त्या वहींतून या पटावर नांव नेण्यास कधीं साडेतीन, कधीं साडेआठ वर्षांची फेड द्यावी लागते. ती फेड एकदांच द्यावी लागते. उचलीची दर दसऱ्याला नव्यानें सुरू होते.