पाठ थोपटणे पुरेसे नाही
(शाहूपुरी, कोल्हापूर येथे नवोदित लेखकांच्या बैठकीत केलेले भाषण)

आज येथे वाचलेल्या प्रत्येक कवितेला आणि कथेला टाळ्या मिळाल्या; दोष मात्र कोणीच दाखविला नाही. मला याची चिंता वाटते.

१९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे कवी चहापानाला जमत आणि एकमेकांना कविता वाचून दाखवीत. त्यांतले माधव जूलियन पुढे आपल्या राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक होते. पण ती सुशिक्षितांची बैठक होती. आपल्या बैठकीत फौंड्रीत, गुऱ्हाळावर राबणारा तरुण प्रथमच वही उघडतो. त्याची बोली 'अशुद्ध' म्हणून खोडणे हा अन्याय होय. परंतु 'कामगार असून लिहितो' म्हणून नुसती पाठ थोपटणे हाही अन्यायच. त्यात दया आहे, बरोबरी नाही. ज्याला आपण बरोबरीचा मानतो, त्यालाच त्याची चूक तोंडावर सांगतो.

म्हणून त्याच्या बोलीला हात लावू नका. जेथे अनुभव सोडून घोषणा आली असेल, ती ओळ दाखवा, कारण सांगा. आणि दुसऱ्याचे दोष सांगणाऱ्याने पुढच्या बैठकीत स्वतःची वहीही सर्वांपुढे उघडावी. समतेचा हा धडा आपण येथूनच गिरवू या.