चटक्याआधी मागे येणारा हात

तापलेल्या तव्याला बोट लागतं. हात झटकन मागे येतो आणि ‘आई गं!’ त्यानंतर निघतं, कारण हात मागे घेण्याचा हुकूम मेंदूतून आलेलाच नसतो. तो मज्जारज्जूतून सुटतो.

बोटातली संवेदी चेतापेशी खबर मज्जारज्जूत पोचवते, तिथल्या मधल्या पेशी ती कारक चेतापेशीकडे सोपवतात आणि दंडाचा स्नायू आखडतो. मेंदू आणि मज्जारज्जू मिळून मध्यवर्ती चेतासंस्था होते. तिथून अंगभर पसरलेल्या चेता म्हणजे परिघीय चेतासंस्था.

पण या पेशी दिसल्या कशा? १८७३ मध्ये इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी चांदीच्या क्षाराने त्या काळ्या रंगवल्या. गोल्जींना ते सगळं एकसंध जाळं वाटलं. स्पेनच्या सान्तियागो रामोन ई काहाल यांनी तीच पद्धत सुधारून वापरली आणि प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असल्याचं दाखवलं. काहालांनी हाताने काढलेली या पेशींची चित्रं आजही पाहत राहावीत इतकी सुंदर आहेत. १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्यांच्या दिमतीला आधारपेशी असतात, त्यांच्याकडे मात्र फार काळ दुर्लक्षच झालं. परिघीय चेतांमधल्या श्वान (Schwann) नावाच्या आधारपेशी चेतातंतूंभोवती मेदाचं वेष्टण गुंडाळतात, म्हणून संदेश वेगाने धावतो. कुष्ठरोगाचे जंतू नेमके याच पेशींत शिरतात आणि त्वचेची संवेदना जाते.

अंगावर बधिर चट्टा दिसला, तर लपवू नका. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात दाखवा. तिथे या रोगाचे उपचार मोफत मिळतात.