लहान धरणांची राखण कोणाची?



मोठ्या धरणांविषयी चळवळीत पुष्कळ वाद झाले आणि ते रास्तच होते. लहान मातीचे धरण मात्र निर्धोक, गरिबाच्या उपयोगाचे म्हणून वादाबाहेर राहिले. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले, भेंदवाडीतील घरे वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तेव्हा तरी हा समज संपायला हवा होता.

भिंतीतून गळती होत असल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. तरी तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी दोष दिला तो खेकड्यांना! खेकडे बिळे करतात हे खरे. परंतु ती वेळीच शोधून बुजविणे हे शासनाचे कर्तव्य आहे.

मातीचे धरण मुळात झिरपतेच. पाझर बेताचा, स्थिर आणि स्वच्छ असेल, तर घाबरण्याचे कारण नसते. तो वाढू लागला वा गढूळ झाला, की आतली माती वाहू लागली असे समजावे. मग भिंतीत पोकळी वाढत जाते आणि भिंत खचते. दुसरा धोका माथ्यावरून पाणी जाण्याचा. मातीची भिंत तो सोसत नाही. म्हणून सांडवा मोकळा हवा. शिवाय ओलितासाठी धरण भरलेले हवे, तर पूर अडविण्यासाठी रिकामे. दारे नसलेले लहान धरण एकदा भरले, की पुराला फारसे रोखू शकत नाही. लोकांना हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये झाला. तो पंधरा मीटरांहून उंच धरणांना, तसेच काही अटींवर दहा ते पंधरा मीटरांच्या धरणांना लागू होतो. त्याहून लहान धरणे कायद्याबाहेरच आहेत. त्यांच्या पायथ्याशी राहणारी माणसे मात्र तितकीच मर्त्य आहेत.

बंधारे बांधून पाणी आणि माती अडवावी, असे जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये एकोणिसाव्या शतकातच सांगितले होते. बांधण्याइतकीच राखण्याचीही मागणी आता केली पाहिजे. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यात जाहीर पाहणी व्हावी. तिचा अहवाल ग्रामसभेत वाचला जावा. दुरुस्तीसाठी दरवर्षी निधी राखून ठेवावा. पाहणीत केवळ बागायतदार नकोत. पाण्याचा थेंबही न मिळणारे, परंतु धरणाखाली राहणारे भूमिहीनही हवेत. कारण धरण फुटले तर पहिला लोंढा त्यांच्याच दारात येतो.