न बोलणाऱ्या मुलाचे म्हणणे



विचार आणि अक्षर यांतील भेद समजावून घेण्यासाठी खानदेशातील शिक्षकास दूर जावे लागत नाही. जळगाव तालुक्यातील आसोदे येथे १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या मुखातील ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या व त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांच्यामुळे त्या पुस्तकरूपाने महाराष्ट्रास लाभल्या. हाती लेखणी नव्हती, म्हणून मनात विचार नव्हता, असे आज कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या बालकाच्या मुखी शब्द नाही, त्याच्याविषयी हाच चुकीचा निष्कर्ष आपल्या शाळांतून सहज काढला जातो.

स्वमग्न बालकांपैकी काहींना वाणीने बोलता येत नाही. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी प्रथम ज्या ११ मुलांचे वर्णन केले, त्यांतील ३ बोलत नव्हती. असे मूल हाकेला ओ देत नाही, नजरेस नजर देत नाही, पुष्कळदा कान झाकून घेते. नशिराबादसारख्या महामार्गालगतच्या गावी मालमोटारींचा जो आवाज इतरांच्या अंगवळणी पडला आहे, तोच त्यास असह्य होऊ शकतो. मग ते ओरडते, पाटी फेकते, दाराकडे धावते. शिक्षकाने यास खोडी न समजता म्हणणे समजावे. कारण दुसरे साधन हाती नसलेल्याचे ते बोलणेच होय.

यास्तव पहिले कर्तव्य साधन पुरविण्याचे. जाड पुठ्ठ्यावर काही चित्रे चिकटवून त्यांखाली शब्द लिहावेत : पाणी, लघवी, दुखते, मदत, हो, नको, पुरे, थांबा. शब्द त्याच्या घरच्या बोलीतले असावेत, मग ती लेवा गणबोली असो वा अहिराणी. शिक्षकाने स्वतः बोलताना त्या चित्रांवर बोट ठेवीत जावे, म्हणजे मूल पाहून शिकेल. प्रश्न विचारल्यावर थांबावे. उत्तरास वेळ लागतो. तक्ता वर्गात, अंगणात व जेवणाच्या पंगतीत त्याच्याजवळच राहावा. शिक्षा म्हणून तो काढून घेणे म्हणजे बोलणाऱ्याचे तोंड बांधणे होय. चित्रांमुळे मूल बोलावयाचे राहील, ही पालकांची भीती अभ्यासांती निराधार ठरली आहे. मुंबईच्या आय. आय. टी.ने याच हेतूने ‘जेलो’ नावाचे चित्रमय साधन मोबाइलसाठी तयार केले असून त्यात मराठीही आहे. तथापि आरंभ पुठ्ठ्यानेही होतो.

या तक्त्यावरील सर्वांत मोलाचा शब्द ‘नको’ हा होय. ‘पाणी’ शिकविणे सोपे, कारण त्यात शिक्षकाची अडचण होत नाही. ‘नको’ शिकविले की तो मानावाही लागतो. पण ज्यास नकार देता येत नाही, त्यास कोणी मारले, कोठे दुखले, कोणी अंगास हात लावला, हे सांगता येणार नाही. त्याच्या रक्षणाचा आरंभ या एका शब्दापासून होतो.

येथे एक सावधगिरी अवश्य आहे. मुलाचा हात धरून तो अक्षरांवरून फिरविण्याची एक पद्धत प्रचारात आली होती. कसोटी घेतली असता ते शब्द मुलाचे नसून हात धरणाराचे असल्याचे आढळले. बहिणाबाईंच्या ओव्या टिपणाऱ्यांनी बहिणाबाईंचे शब्द लिहिले, स्वतःचे नव्हेत. मदतनिसाची मर्यादा तीच. बोट मुलाचे असावे, निवडही मुलाची असावी.

ही केवळ दयेची गोष्ट नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यातील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि बोलण्यास पूरक व पर्यायी साधनांच्या वापरास शिक्षणात उत्तेजन द्यावे, असे तोच कायदा सांगतो. आपल्याविषयीचा निर्णय आपल्याला वगळून होऊ नये, ही जगभरच्या दिव्यांगांची मागणी आहे. खेड्यातील शाळेत तिचा अर्थ साधा आहे : हे मूल कोठे बसेल, काय खाईल, कोणाबरोबर खेळेल, हे ठरविण्यापूर्वी तक्ता त्याच्यापुढे ठेवावा आणि त्याचे बोट ज्या चित्रावर जाईल, ते उत्तर म्हणून स्वीकारावे.