विहिरीवरचे शेवाळ



मी सातवी शिकलेली. बोलायची ही पहिलीच वेळ. गेल्या पावसाळ्यात अलिबागच्या आमच्या आगरात विहिरीच्या पायरीवरून सासूबाई घसरल्या, खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून तिथले काळपट-हिरवे शेवाळ मी रागारागाने खरवडते. मुलीने पुस्तकातले वाचून दाखवले, की सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू साठू लागला, तो अशाच निळ्या-हिरव्या शेवाळाच्या पूर्वजांमुळे. त्याआधीही जीव होते, पण डोळ्यांना न दिसणारे. त्यांतल्या कित्येकांना हा प्राणवायू विषच झाला. पुढे मासळीला, माणसाला श्वास मिळाला तो मात्र त्याच्यामुळेच. सासूबाईंना हे सगळे सांगितले. अंथरुणावरूनच म्हणाल्या, “असेल गो, पण आज पायरी घासलीस ना?”

घासली होती.